दोन मिलिमीटर

हिरा म्हटल्यावर अम्माने आधी किंमत विचारली.
मी म्हटलं, भट्टीतला आहे, लग्नाच्या कामाचा नाही,
खडीसाखरेच्या चुऱ्याएवढा,
आणि त्यात मुद्दाम खोट ठेवलीय:
कार्बनच्या ओळीतला एक अणू गायब,
त्याला लागून नायट्रोजन बसलेला.
"म्हणजे फणीचं घर चुकलंय," ती म्हणाली.
आमच्या पूर्व भागात असं कापड सेकंडमध्ये जातं.

केगावच्या माळावर एप्रिल.
एसी दुपारी मान टाकतो.
हिरवा लेसर सोडला की हिरा लाल उजळतो;
मायक्रोवेव्हची कळ हळूहळू फिरवत न्यायची,
दोन पूर्णांक सत्याऐंशी गिगाहर्ट्झपाशी
लाली किंचित मंदावते.
जवळ चुंबक असला
तर त्या मंदावण्याचे दोन खळगे होतात,
एक इकडे सरकतो, एक तिकडे.
जितकं अंतर, तितकं चुंबकत्व.
ऊन मात्र दोघांनाही एकाच बाजूला ढकलतं.
ते आधी वजा करायचं.
सोलापुरात बरंच वजा करावं लागतं.

मग हिऱ्याखाली मी ती फीत ठेवली.

नान्नांनी भिवंडीहून पाठवलेली कॅसेट.
अम्माला वाचता येत नव्हतं, म्हणून पत्राऐवजी आवाज.
शेजारच्या गुर्रमांच्या टेपने ती दुसऱ्यांदा ऐकताना गिळली,
उरलेली ट्रंकेत, पत्र्याखाली, तीस उन्हाळे
स्वतःलाच चिकटत गेली.
वाजणार नाही आता. पण गंजाच्या रंगाचे ते कण
ज्या दिशेला तोंड करून निजले होते
त्याच दिशेला अजून आहेत.

कॅमेऱ्याने एकेक ठिपका मोजला.
पडद्यावर पट्टे उमटले,
गडद, फिका, गडद, मध्येच दोन दाट,
चादरीच्या काठासारखे म्हणाले असते,
पण चादरीचे काठ इतके वेडेवाकडे नसतात.

रविवारी अम्माला घेऊन गेले.
चपला बाहेर काढून ती आत आली,
तंबाखूने पिवळी झालेली बोटं पदराला पुसली,
पडद्याजवळ वाकली.
"यात काय म्हणतायत?"

सेकंदाचा चोविसावा भाग आहे, मी म्हटलं.
एक अक्षरही पुरतं मावत नाही.

ती बराच वेळ बघत राहिली.
"हे ते नाहीत. हा माग आहे.
बोलताना माग बंद करायचे नाहीत कधी,
मालक पगार कापायचा.
त्या खडखडीतून शब्द वेचावे लागायचे."

असेलही. मला पट्ट्यांवरून सांगता येत नाही
कुठला धोट्याचा, कुठला गळ्याचा.

"अख्खी बाजू बघायची तर?"
बेचाळीस हजार वेळा हिरा टेकवावा लागेल.
तिने मनात हिशेब केला, ओठ हलले:
"रोजच्या हजार विड्या धर.
दीड महिन्याचं काम. एवढंच ना?"

एकदा टेकवला की वीस मिनिटं लागतात,
हे सांगायचं राहून गेलं.
मी फीत दोन मिलिमीटर पुढे सरकवली.