हात तेवढे पिशीचे

सिनेमात नायिका पत्र लिहिते ना,
खिडकीपाशी, दिव्याची वात मोठी करून,
ते हात तिचे नाहीत.
ते माझ्या आत्याचे, प्रीतिकणा गुहचे.
आम्ही तिला पिशी म्हणायचो.

नायिकेचं अक्षर म्हणे कोंबडीचे पाय.
आणि दिग्दर्शकाला हवं होतं टपोरं, गिरवलेलं,
किंचित उजवीकडे कललेलं.
कुणीतरी सांगितलं, बिजयगडला
निर्वासितांच्या शाळेत एक बाई आहे,
तिने फळ्यावर लिहिलं की पोरं पुसायला धजत नाहीत.
म्हणून टॉलीगंज. ट्रामचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट,
पंधरा रुपये, वर लुची आणि आलूर दम पोटभर.

हातांना रंग लावला. नखांतला खडू टाचणीने काढला.
नायिकेने आपल्या मनगटातलं कंकण उतरवून दिलं.
"ऊबदार होतं गं," पिशी म्हणायची,
"खोटं होतं, पण ऊबदार."
"काय लिहू?"
"लिहा काहीही. कोण वाचतंय!"

मग तिने लिहिलं:
रॉकेल दोन बाटल्या. मसूर अर्धा शेर.
धाकट्याला चप्पल. कपड्यांचा साबण.
हे ती दर वेळी सांगायची
आणि आम्ही दर वेळी हसायचो.

अश्रूही नायिकेचा नाही, तो गोपेनचा.
शिडीवर पालथा पडून तो ड्रॉपरमधून ग्लिसरीन सोडत होता.
दोन थेंब टेबलावर वाया गेले.
तिसरा कागदाच्या पहिल्याच ओळीवर पडला,
शाई फुटली, आणि दिग्दर्शक नुसता "वा" म्हणाला.

पूजेच्या दिवसांत टीव्हीवर तो सिनेमा लागायचा.
कॉलनीतल्या बायका पदर तोंडाशी न्यायच्या,
व्हायोलिन चढत जायचं,
आणि आमच्या घरात कुणीतरी ओरडायचं, मसूर!
पिशी सगळ्यांत शेवटी हसायची
आणि सगळ्यांत आधी उठून
चहाचं आधण ठेवायला जायची.

दाराआड एक छत्री असायची, पुरुषी, वेताच्या मुठीची.
घरातल्या कुणाचीच नाही.
बारिसालहून येताना भांड्यांच्या ट्रंकेत आलेली.
मी एकदा ती शाळेत न्यायला घेतली, तर पिशीने,
जिने जन्मात कुणावर हात उगारला नव्हता –
असो.

पिशी जाऊन नऊ वर्षं झाली.
मागच्या वैशाखात तो सिनेमा
धुऊनपुसून पुन्हा आणला कुणीतरी.
ओरखडे गेले, धुरकटपणा गेला,
नायिकेच्या ओठावरचा तीळसुद्धा दिसतो आता.
मी लॅपटॉपवर पाहत होते. हात आले.
सवयीने पुटपुटले, मसूर,
आणि चित्र थांबवलं.

सगळं मिळून चार सेकंदांचं पत्र.
वर नाव. नावावर गोपेनचा थेंब,
त्यातून वाचलेला एक काना.
त्याखाली, कुठल्याही पोराला वाचता येईल असं:

तुमची छत्री माझ्याकडेच राहिली.
स्टीमर सुटताना द्यायची होती,
गर्दीत हात पोचला नाही.
अजून उघडलेली नाही.
तुम्ही तिकडे भिजत

इथे कॅमेरा नायिकेच्या चेहऱ्यावर जातो.
ती सुंदर रडते. मी तिला रडू दिलं नाही,
पुन्हा मागे गेले, पुन्हा मागे.

बाबांना फोन लावला. ऐंशीला टेकलेत, ऐकू कमी येतं.
छत्री, मी ओरडले, पिशीची छत्री!
बराच वेळ नुसता त्यांचा पंखा ऐकू आला.
"ती होय? श्राद्धानंतर आवराआवर केली,
तेव्हा भंगारात दिली की.
कापड विरलं होतं गं. पण घड्या मात्र
दुकानातून आणल्यासारख्या."

मी पत्र वाचून दाखवलं. सावकाश, दोनदा.
ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले,
"आणि चप्पल? माझ्या चपलेचं आहे का त्यात?"

आहे, म्हटलं.
खालच्या ओळीत आहे.