कपाटाची पाठ

तिबिलिसीत, सातव्या मजल्यावरच्या एकुलत्या खोलीत
नातेलानं कपाट भिंतीपासून ओढून
मधोमध उभं केलं.
लाकडी जमिनीवर लांब ओरखडा उठला.
हद्द तीच.

पुढच्या अंगाला तिचे कोट, डांबरगोळ्या,
कधीच न अंथरलेली लग्नातली चादर.
मागं नुसतं प्लायवुड, वाकलेल्या खिळ्यांसकट :
ती रेझोची भिंत.
त्यानं ती पिवळी रंगवली, अर्धीच. डबा संपला.

दार नव्हतं, म्हणून ठरलं :
पलीकडे जाण्याआधी कपाटावर टकटक.
“कोण?” तो विचारायचा,
जसं काही घरात तिसरंही कुणी होतं.

आता तो ग्दान्स्कला जहाजं रंगवतो.
शेजारीण म्हणते, सरकव की ते मागं,
उजेड येईल.

येईल, म्हणते नातेला.
आणि नुसता कोट काढायचा असला
तरी आधी टकटक.