छाट

पंचवीस विड्यांचा एक कट्टा,
चाळीस कट्टे म्हणजे हजार,
आणि तपासणारा बोटांनी दाबून दाबून
ज्या बाजूला फेकतो, ती छाट.
छाटीचे पैसे नाहीत.
स्रवंती कुरापाटीला हिशेब आईच्या सुपापाशी आला,
शाळेत नंतर.

मी तिच्या डावीकडे खेळायचे.
घरकुलांच्या मागे, मुरमाच्या पटांगणात,
एका बाजूचा खांब म्हणजे बाभूळ,
दुसऱ्या बाजूला माझी चप्पल.
गिरणी बंद पडल्यावर हातात शिट्टी घेतलेले बागवान सर
ओरडायचे, बॉल आहे तिथं कशाला पळता बे,
तिथं तर सगळं गाव आहे!
हे तिला एकटीला कळलं.
आम्ही बाकीच्या गावातच राहिलो.

पहिले बूट दोन नंबर मोठे,
पुढे टॉवेलच्या कापलेल्या दशा कोंबलेल्या.
नळाला पाणी चार दिवसांआड,
त्या दिवशी ती सरावाला नसायची.
घागरींच्या रांगेत उभी,
आणि पायाखाली बाटलीचं झाकण,
या पायातून त्या पायात.

काठमांडूत ब्याऐंशीव्या मिनिटाला तिला आत सोडलं.
तीनदा बॉल पायाला लागला.
पेपरवाल्यांनी नाव छापलं श्रावणी.
अम्मानं तरी ते कापून
पान कापायच्या फर्म्याखाली ठेवलं,
तंबाखूचा वास लागला त्याला.

मग माले, थिम्पू, कॉक्स बाजार.
एकतीस सामने, अकरा गोल.
सुट्टीत घरी आली तेव्हा अम्मा म्हणाली,
अकरा आत गेले. मारले किती?
असतील शंभरेक.
म्हणजे नव्वद छाट?
आणि तरी पगार देतात?
स्रवंती हसता हसता ओट्यावरून खाली बसली.

कोलंबोची फायनल मी कारखान्यात पाहिली,
अक्कलकोट रोडला, शिलाई मशीन बंद करून,
सुपरवायझरच्या फोनवर.
पेनल्टी. ती चार पावलं मागे गेली.
बॉल आडव्या दांडीवरून असा गेला
जसा कुणी गच्चीवर वाळत घातलेला टॉवेल
वाऱ्यानं उचलून नेतो.
सुपरवायझर म्हणाला, चला, कामाला लागा.

पहाटे स्टेशनवर मी एकटी गेले, स्कूटर घेऊन.
साखर पेठेपर्यंत ती गप्प.
मग एका बोळात मागांची खडखड ऐकू आली
आणि माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून म्हणाली,
तिथं ना, सगळं स्टेडियम गप्प झालं होतं.
मी कधी इतक्या शांततेत काही केलंच नव्हतं, बे.

पुढच्या वर्षी गुडघा. ऑपरेशन. पुन्हा गुडघा.
आता ती रेल्वेच्या आरक्षण खिडकीत बसते.
लोक वाकून विचारतात, खालचा बर्थ मिळेल का,
आईचे गुडघे दुखतात हो.
ती न बघता म्हणते, बघते.

एकदा मी विचारलं,
अकरामधला तुझा कुठला?
थिम्पूचा, म्हणाली.
डावीकडून पास आला, मागे पडलेला, वर उसळलेला,
एकदम भंगार.
दुसरी कुणी सोडूनच दिला असता.
मला तुझी सवय होती.

मला हसावं की रागवावं कळेना.
दहा वर्षं मी स्वतःला सांगत होते
की मीही बरी खेळायचे.

परवाच्या रविवारी पटांगणावर
नव्या पोरींना ती कोपऱ्यात पळवत होती,
गुडघ्याला पट्टा.
मला बघितलं आणि बॉल ढकलला. दे.
मी साडी खोचून दिला,
जिवाच्या आकांतानं नीट दिला,
आणि तो गेला तिच्या मागे, बाभळीत.
पोरी फिदीफिदी हसल्या.
ती लंगडत वळली, काटे चुकवत आत हात घातला.

ओट्यावर अम्मा मान खाली घालून
तेलुगूत मोजत होती.
मध्येच चुकली,
पुन्हा एकपासून सुरू केलं.