डब्यावरची रेघ

मोंदेगु लंगडायला लागला तेव्हा
झेफेरीनुने आधी काटा शोधला.
चारही पंजे उताणे करून,
बोटांच्या बेचक्यांत फुंकर मारून,
विजेरी दातांत धरून.
काटा नव्हता.

आठवड्याने पुढचा डावा पाय बरा झाला
आणि मागचा उजवा धरला.
"दुखणं घर बदलतंय," तो फोनवर म्हणाला,
"भाडं थकवलेल्या बिऱ्हाडासारखं."

मी गाडी काढली. मांतेगशच्या वर
एश्त्रेलाचा डोंगर उघडाबोडका,
दगड आणि मेंढ्या लांबून सारख्याच दिसतात.

पाच महिन्यांचं पिल्लू. तेहतीस किलो.
पंजे पावाएवढे, तोंड अजून बाळाचं.
पायाच्या लांब हाडावर मी अंगठा दाबला
तर ओरडला नाही,
ओल्या नाकाने माझं मनगट बाजूला सारलं फक्त.

"खायला काय देता?"
पोराचे मार्क विचारावेत तसा
झेफेरीनु बसल्या जागी ताठ झाला.
सकाळी मेंढीचं दूध, त्यात मक्याचा पाव कुस्करून.
चीज बांधलं की खाली गळणारं कोमट पाणी, सगळं त्याचंच.
दुपारी डुकराची हाडं. रात्री परत दूध.
आणि अंड्यांची टरफलं, उखळात कुटून, मूठभर, रोज.
"लांडगा येतो ना, बाई,
तेव्हा माया उपयोगी पडत नाही. हाडं पडतात."

मी म्हटलं, टरफलं बंद. दूध बंद.
फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत.
मोठ्या जातीचं पिल्लू घाईने वाढलं
की हाडं आतून ठणकतात.
आणि ही घाई त्याची नाही.

बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग आतून एक फोटो आणला, कडा उंदराने खाल्लेल्या.
दोन मुलं. थोरल्याचे पाय कंसासारखे,
मधे वाक्य नसलेला कंस.
"अमादेउ. माझा भाऊ.
एक सार्डिन तिघांत यायची आमच्याकडे.
आई मधला तुकडा मला द्यायची. त्याला डोकं.
तो म्हणायचा, अक्कल तिथेच असते."

माझ्या पुस्तकात ही दोन प्रकरणं
शंभर पानांच्या अंतरावर आहेत.
इथे ती एकाच बाकावर बसली होती,
आणि खाली मोंदेगु
दोघांच्या बुटांचा वास घेत होता.

टुनाचा रिकामा डबा मागितला.
सुरीच्या टोकाने आतून रेघ ओढली.
इथपर्यंत. दिवसातून तीनदा. वर दाणाही नाही.
"आणि बघत राहिला तर?"
बघू दे.
"तुम्हाला मूलबाळ नाही वाटतं."
आहे. पण मी पेटी बंद केली.

ऑक्टोबरात परत गेले, एका मेंढीच्या खुरासाठी.
मोंदेगु कुंपणाशी, उंच, सडपातळ.
एर्मेलिंदाने चर्चच्या पायरीवर सगळ्यांना सांगितलंय म्हणे,
म्हातारा कुत्र्याला उपाशी मारतोय.
झेफेरीनु आता सूप गोठ्यात पितो,
उभ्याने, दाराकडे पाठ करून.

डब्यात दोन रेघा होत्या.
माझी, आणि तिच्या बोटभर खाली दुसरी.
"हात थरथरतो माझा," तो म्हणाला,
"चुकला तरी तुमच्या रेघेशी थांबेल."
नंतर, कुणाला तरी ओरडावं तशा आवाजात:
"मलाही चालतं हल्ली कमी."
निघताना चीजचा अख्खा गोळा
माझ्या मांडीवर ठेवला. नको म्हणायची सोय नव्हती.

गाडी वळवताना पाहिलं:
चाटून लख्ख झालेला डबा
मोंदेगु नाकाने ढकलत नेत होता
दगडी अंगणातून, खण्ण, खण्ण,
आणि मी काच खाली घेऊन मोजत होते,
एक दोन तीन चार,
एक दोन तीन चार.