शेवटून चालणारा

पुढे येर्नेया असते, टॉर्च आणि गोष्टी घेऊन.
मी सगळ्यांत मागे.
माझं काम एवढंच: डोकी मोजायची,
आणि माणसं पुढे सरकली की
त्यांच्या पाठचे दिवे मालवत यायचं.

एकवीस वर्षं ही गुहा मी अशी अर्धवट ऐकतोय:
"...म्हणून इथे कुणी ओरडायचं नाही."
"...आणि तो बैल सापडला
दोन डोंगर पलीकडच्या नदीत."
वाक्यांची तोंडं वळणापुढे राहतात,
माझ्यापर्यंत शेपट्या येतात.
बैल आत पडला कसा, मी कधी विचारलं नाही.

मोठ्या दालनात लोक माना मोडून वर बघतात.
मधल्या लवणस्तंभाला
माझ्या पणज्याच्या वेळी सम्राटाचं नाव होतं.
मग सीमा सरकली,
दुसऱ्या भाषेत दुसऱ्या पुढाऱ्याचं. मग मार्शलचं.
हल्ली येर्नेया त्याला आइस्क्रीम म्हणते. मुलं हसतात.
एवढी बारशी झाली, तेवढ्यात तो वाढला असेल
नखाच्या कडेइतका.

दिव्यांजवळ दगड हिरवा पडतो.
उजेड दिसला की शेवाळ कुठूनही येतं,
बुटांना, कोटांना, कुणाच्या खोकल्याला चिकटून.
हिवाळ्यात गुहा बंद असते. तेव्हा मी आणि लोय्झे
बादली-ब्रश घेऊन ते घासून काढतो.
वर कार्स्टच्या पठारावर बोरा वारा सुटलेला असतो
आणि हिरवं औषधालाही नसतं.

मंगळवारी, अकराच्या फेरीला, त्रेचाळीस आत गेले.
पुलावर मोजले. बेचाळीस.
पुन्हा मोजले. बेचाळीसच.
वॉकीटॉकीवर काही बोललो नाही.
मागे फिरलो, मीच केलेल्या अंधारात.

एकशे बाराव्या पायरीवर ती बसली होती.
लोकरीची टोपी, मांडीवर एक बूट.
खालच्या गावातली, श्टोल्फांची मिलोइका,
परक्यासारखी तिकीट काढून आलेली.
"दिवा लाव," म्हणाली, "हाताला लागलंय, आता बघू दे."

सिमेंटमध्ये एक पाऊल.
लहान, उजवं, बोटं फाकलेली.
तिचे वडील या पायऱ्या ओतायला होते, रोजावर.
ती सूपाची किटली घेऊन आली
आणि कुणी थांब म्हणेपर्यंत ओल्यात पाय.
मुकादम वडिलांवर ओरडला,
वडिलांनी तिला एक ठेवून दिली.
"पण थापी त्यांच्या हातातच होती," ती म्हणाली.
"एकदा फिरवली असती
की सपाट."

एकवीस वर्षं मी तिच्यावर बूट देत आलो.
मला वाटायचं खड्डा आहे, पाणी साचतं.

तिने मोजा काढला, पाऊल पावलावर ठेवलं.
टाचेतच भरलं ते सगळं.
इथे नियम आहे, कशालाही हात लावायचा नाही,
कातडीचं तेल लागलं की दगड वाढायचा थांबतो.
पायाबद्दल काही लिहिलेलं नाही.

वरून ठिबकत होतं.
तिने पाय उचलल्यावर मी टॉर्च धरला:
पावलाच्या खळग्यात
दुधावर धरते तशी पांढरी साय.
"भरत आलंय," ती म्हणाली,
जखमेबद्दल म्हणतात तसं,
आणि बुटाची नाडी मला बांधायला सांगितली.
वाकणं आता जमत नाही.

दारात त्रेचाळीस.
येर्नेयाने विचारलं, कुठे होतास?
म्हटलं, एक बल्ब बघत होतो.
मग, कसं कोण जाणे, बैलाचंही विचारून टाकलं.
ती म्हणाली, "एवढी वर्षं काय ऐकत होतास?
पडला नव्हता तो. उन्हाचा सावलीत आला,
आणि सावली संपेना म्हणून चालत राहिला."

यंदा घासायला उतरलो
तेव्हा लोय्झेला सांगितलं, एकशे बारावी माझी.
तो पुढे गेला.
मी बादली ठेवली, दिवा मालवला,
आणि ती पायरी तेवढी ओलांडली.