चुना

उत्तम शुक्रवार काल झाला. उद्या ईस्टर.
मधल्या या शनिवारला आमच्यात नावच नाही.

जालन्यात नळाला पाणी येऊन अकरा दिवस झालेत,
तरी सुवार्तानं एक कॅन भरून दिला,
तो सायकलला बांधून कबरस्थानात आणला.

सलोमीची कबर लहान आहे.
अर्धं घमेलं पुरतं.

वर्षभर देवळात शेवटच्या बाकावर बसलो,
गीत सुरू झालं की चपला शोधायचो.
पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करा.
म्हटलं, माझ्या वाटची तुम्हीच करा.
त्यांनी केली. त्याचाही राग आला.

पलीकडं एलियामामा गवत काढत होते.
"दगड कोण सरकवणार, ठाऊक नव्हतं त्या बायांना,"
खुरपं न थांबवता म्हणाले,
"तरी निघाल्याच की अंधारात, सुगंधी तेल घिऊन.
ते बी मेलेल्या माणसासाठी.
आशाबिशा काय नव्हती रे तवा.
निस्त्या निघाल्या."

मी उत्तर दिलं नाही.
कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं.
खाली जाळ नाही, काडी नाही,
आणि घमेलं उकळायला लागलं.
हात मागं घेतला, बघत बसलो.

निवल्यावर कुंचा फिरवला.
शेजारी नाव पुसलेली एक कबर होती,
कुणाची कोण जाणे,
उरलेला चुना तिला लावला.

घरी सुवार्तानं विचारलं,
"झाली का पांढरी?"

ओला चुना पांढरा दिसत नाही. मातकट दिसतो.

म्हटलं, रात्रभर वाळू दे.
पहाटे मेणबत्ती घेऊन जाऊ दोघं,
तेव्हा बघ.