ल्हासा, तिकीट अठरा रुपये

ल्हासाला मी एकदाच गेले,
सकाळी नऊच्या एसटीनं.
कंडक्टरनं दोन रुपये सुटे नाहीत म्हणून ठेवले,
ते अजून त्याच्याकडेच आहेत.

कॅम्पच्या फाट्यावर येशे उभी होती.
बारावीला माझ्या बाकावर बसायची,
हिवाळाभर नागपुरात स्वेटर विकून
नुकती परतलेली.
"चाल वं डिलू, आज तुले ल्हासा दाखवतो."

ती स्वतः कधी गेली नाही तिथं.
जन्म इथलाच, कॅम्पच्या दवाखान्यातला,
नर्सबाई सानगडीची.
पण तिच्या आजोबांनी, पो-लानं,
रोज दिवेलागणीला खाटेवर बसून
तिला ते शहर फिरवलं होतं
त्याच क्रमानं, एक वळण न बदलता,
आमच्याकडे पाढे म्हणून घेतात तसं.

पहिला नियम:
देऊळ मधात, आपण भोवती,
देऊळ कायम उजव्या हाताला.
देऊळ म्हणजे सोसायटीचं गोदाम.
आत धानाची पोती, दाराला कुलूप,
कुलपावर एक गांधीलमाशी.
चपला आम्ही काढल्या नाहीत,
पण मी वाकले होते, हे सांगायला हवं.

मग बाजार.
"इथं पोवळी. इथं चायच्या विटा.
इथं एक काना मानूस कात्र्यांले धार लावते."
मला दिसत होते अंगणात वाळत घातलेले मोह,
लोकर गुंडाळत बसलेली एक म्हातारी,
हँडपंपाशी नंबर लावलेल्या गुंड्या.
"ते नको पाहू," येशे म्हणाली,
"मी दाखवतो ते पाह्य."

फिरोजी कौलांचा पूल आला.
कालव्यावरची मोरी, तिच्यावर शेवाळ,
रंग तेवढा जुळत होता.
खालच्या पाण्याला एका नदीचं नाव होतं,
मी तीनदा विचारलं, तीनदा विसरले.
पाण्यात म्हशी.
"तिथं याकच्या कातड्याच्या होड्या हायेत."
म्हशी हलल्या नाहीत.
होड्या हलल्या.

राजवाडा लांबूनच पाहिला,
प्रतापगडची टेकडी, पळस झडत आलेली.
"खिडक्या नको मोजू,
पो-लाच्याबी मोजून नाही झाल्या."

दुपारी तिच्या घरी चहा, लोण्या-मिठाचा.
मला कढी वाटली. मी भात मागितला.
येशे इतकी हसली की तिची आई बाहेर आली
आणि काय झालं ते न विचारता
तीही हसली.

परतताना दोन घरांमधली एक बोळ.
तनसीचा ढीग, बिनचाकाची सायकल,
खुंट्याला शेळी.
येशे थांबली.
"अन् इथं काय?"
"इथं पो-ला गप्प व्हायचा.
मंग पुढच्या वळनापासून बोलाचा."
"किती वेळ?"
"तपकीर ओढून नाक पुसून होईलोक."
आम्ही तेवढा वेळ उभ्या राहिलो.
शेळीनं माझ्या ओढणीचं टोक तोंडात घेतलं.
मी ओढून घेतलं नाही.

पाचची गाडी चुकली.
सहाची धरणाच्या पाळीवरून जाते,
म्हणून ती तिथवर चालत आली.
पाणी उतरलेलं. चिखलात चिंचेचा एक काळा बुंधा.
"तुमचं गाव इथंच ना वं, आत?"

माझ्या आबाजींचं.
आबाजींना गट नंबर तोंडपाठ होते,
मोबदल्याचे हप्ते, साहेबांची नावं.
घर कोणत्या अंगाला, विहीर कुठे,
आधी मारुती लागायचा की आधी चावडी,
हे घरात कोणी बोललं नाही,
आणि मी कधी विचारलं नाही.
मला क्रम येत नव्हता.
पाण्याकडे बोट केलं,
मग खाली घेतलं.

लांबून गाडीचे दिवे आले.
"कुठूनबी सुरू कर," येशे म्हणाली,
"फक्त पानी उजव्या हाताले ठेव."